छोटं गेट उघडा : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतले सगळेजण,

नमस्कार. मी बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. २००८ च्या दिवाळीत पझेशन घेतलं तेव्हापासून बदलापूर पश्चिमेला इथेच आहे, मेंटेनन्स एक महिनासुद्धा उशिरा भरलेला नाही, आणि कमिटीविरुद्ध आजपर्यंत कधी कागद लिहिला नव्हता. हे पत्र आधी सोसायटीच्या ऑफिसात दिलं, पोच घेतली. बारा दिवस झाले, उत्तर नाही. ग्रुपवर विचारलं तर दुसऱ्या दिवशी ग्रुप फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असा करून टाकला. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. सोसायटीचं नाव मुद्दाम लिहित नाहीये कारण आपली बदनामी मला नकोय, आणि दुसरं म्हणजे असंच एखादं गेट अंबरनाथला, डोंबिवलीला, विरारला, पुण्यात पिंपरी-चिंचवडला कुठेतरी रोज बंद होतंय, त्या लोकांनीही हे वाचावं.

विषय मागच्या छोट्या गेटचा आहे.

शनिवारी रात्री ९:४० ला मेसेज आला की सुरक्षेच्या कारणास्तव मागील गेट उद्यापासून कायमस्वरूपी बंद राहील, सहकार्य करावे. एवढंच. रविवारी सकाळी साखळी आणि कुलूप, आणि मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर गेटला आडवी पट्टी वेल्डिंग केलेली. म्हणजे कुलपाची चावी मागायची सोय पण ठेवली नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मनापासून वाटत असेल की एवढं काय त्यात, मेन गेट आहे ना. म्हणून माझी सकाळ सांगते, वेळ घालवायला सांगत नाहीये, गेट काय होतं ते त्याशिवाय कळणार नाही.

मी ४:५० ला उठायची. पाच वाजता पाणी येतं, पिण्याचं भरून घ्यायचं, एका बाजूला कुकर, एका बाजूला चहा, सासूबाईंची बीपीची गोळी काढून वाटीत ठेवायची म्हणजे त्या विसरत नाहीत, भाजी रात्रीच चिरलेली असते ती फोडणीला टाकायची, तीन डबे, मग माझी आंघोळ, देवाला दिवा, आणि ६:३२ ला चपला. लिफ्टने खाली, डी विंगच्या बाजूने छोट्या गेटमधून बाहेर, गल्ली, डेअरी, मारुतीचं देऊळ, गिरण, आणि स्टेशन. घरापासून प्लॅटफॉर्मपर्यंत नऊ मिनिटं. पावसात दहा. मी दादरला एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, साडेआठच्या आत पंच करावं लागतं.

माझी गाडी बदलापूरहून सुटणारी आहे. ज्यांना रोज जायचं नसतं त्यांना यातला फरक कळत नाही. बदलापूर सुटणारी गाडी इथे रिकामी लागते, धावत जाऊन का होईना बसायला मिळतं, निदान चौथी सीट तरी, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा. ती चुकली तर पुढची मिळते ती कर्जतवरून आलेली, ती नेरळ-शेलू-वांगणीची माणसं घेऊन भरून येते, त्यात दारातून आत शिरायचं म्हणजे मागच्या बाईने ढकललं तरच. अंबरनाथच्या कितीतरी बायका बसायला मिळावं म्हणून उलट्या आमच्याकडे येतात आणि त्याच गाडीतून परत जातात, म्हणजे त्या सीटची किंमत काय असेल बघा. दीड तास उभं राहून दादरला उतरायचं आणि मग दिवसभर आकडे तपासायचे, हे बावन्नाव्या वर्षी मला जमत नाही. गुडघ्याचं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

आता मेन गेटने एकवीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून चार दिवस मोजलं, एकवीस, बावीस, एकवीस, वीस. आधी विरुद्ध दिशेला नदीच्या बाजूने बाहेर पडायचं, मग सगळ्या कंपाउंडला वळसा घालून परत मागे यायचं. छोट्या गेटच्या अगदी समोरून जाते मी, पलीकडच्या बाजूने, आणि ती पट्टी रोज दिसते. जाताना बारा मिनिटं जास्त, येताना बारा. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १० तास २४ मिनिटं होतात. हे १० तास माझ्या कंपनीने घेतलेले नाहीत, रेल्वेने नाही, ते तुम्ही एका मेसेजने घेतलेत. आणि ते कुठून आले? माझ्या झोपेतून. आता मी ४:३५ ला उठते. संध्याकाळी सासूबाईंबरोबर बसून चहा प्यायचा वेळ होता, तो गेला. मला तो चहा फार मोलाचा होता, दिवसात तेवढीच पंधरा मिनिटं आम्ही दोघी काही काम न करता बसायचो.

हे माझं झालं. पण मी एकटी असते तर लिहिलं नसतं, चालले असते गपचूप.

सासूबाईंचं सांगते. वय ७९. सकाळी आठला त्या हळूहळू छोट्या गेटमधून जायच्या, देवळात पाच मिनिटं, मग देवळाच्या कट्ट्यावर डी विंगच्या दोन आज्या आणि गल्लीतल्या चाळीतल्या एक आजी, चौघींचं बोलणं, येताना डेअरीतून अर्धा लिटरची पिशवी. त्यांच्या पायांना झेपेल एवढंच ते अंतर होतं. गेट बंद झाल्यापासून त्या दोनदा गेल्या, दोन्ही वेळा मुलाला स्कूटरवरून सोडायला लावलं. आता म्हणतात राहू दे, घरूनच नमस्कार करते. दिवसभर खिडकीत बसतात. मेन गेटच्या रस्त्याला फुटपाथ नाहीये हे तुम्हाला माहितीय, एका बाजूला रिक्षा उभ्या, दुसऱ्या बाजूने टँकर आणि शाळेच्या बसेस, त्या मधून ७९ वर्षांच्या बाईने चालायचं कसं? तुमच्याही घरात आई-वडील आहेत. अध्यक्ष काका, तुमच्या आईला मी त्याच कट्ट्यावर बसलेलं पाहिलंय, त्या गेल्या त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत येत होत्या.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी. त्या मागच्या वस्तीतून येतात. आधी घरातून निघून सहाव्या मिनिटाला आमच्या दारात. सोसायटीत पाच घरं करायच्या, आता चार केली, एक सोडलं, कारण वळसा घालून येण्यात आणि मेन गेटला रजिस्टरवर सही करून, पिशवी तपासून आत येण्यात जो वेळ जातो त्यात पाचवं घर बसत नाही. एका घराचे महिन्याचे पैसे गेले त्यांचे. ते कोण भरून देणार हे कुणी विचारलंच नाही, कारण मीटिंगमध्ये त्यांच्याकडून बोलायला कुणी नव्हतं. मुळात मीटिंग झाली होती का, त्यावर मी येतेच.

दूधवाला सायकलवर असतो, तो म्हणाला वहिनी पलीकडून यायला मला दोन सोसायट्या उशीर होतो, तुमच्याकडे आता साडेसहाला येईल दूध. साडेसहाला माझी एक चप्पल पायात असते. सातवी-आठवीतली मुलं सकाळच्या शाळेला छोट्या गेटमधून चालत जायची, पाच-सहा जणांचा घोळका, आता त्यातल्या निम्म्यांना आईवडिलांनी रिक्षा लावून दिल्या, उरलेली त्या टँकरच्या रस्त्याने चालतात. आणि जूनमध्ये त्या गेटबाहेर आसपासच्या गावातून बायका टोपल्या घेऊन बसतात, जांभळं, मग पावसाळ्यात शेवळं, कंटोळी, टाकळा, भारंगी. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, ती जांभळं विकणारी बाई आपल्या गेटपासून दहा पावलांवर बसते आणि आता आपल्यातलं कोणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तिचं निम्मं गिऱ्हाईक आपल्या सोसायटीचं होतं असं ती स्वतः म्हणाली मला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

आता सुरक्षा. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सी विंगमधल्या मुलाची गियरची सायकल चोरीला गेली, महागाची होती, त्या मुलाने दहावीच्या मार्कांवर मिळवलेली, मला पण वाईट वाटलं. पण ती गेली कधी? रात्री साडेअकरापर्यंत तिथे होती असं घरच्यांनीच सांगितलं आणि पहाटे साडेचारला पेपरवाल्या मुलाला स्टँड रिकामा दिसला. छोटं गेट रात्री ११ ला बंद व्हायचं आणि पहाटे ५ ला उघडायचं, गेली कित्येक वर्षं हेच टायमिंग होतं. म्हणजे सायकल गेली तेव्हा ते गेट कुलूप लावून बंद होतं. मग सायकल ज्या वाटेने गेली ती वाट उघडीच आहे आणि जिथून गेली नाही ती बंद केलीत. मेन गेटच्या कॅमेऱ्याचं त्या रात्रीचं फुटेज कुणी बघितलं का, त्याचं काय झालं, हे तीन जणांनी विचारलं, तीनही जणांना वेगवेगळं उत्तर मिळालं. एकाला सांगितलं कॅमेरा बंद होता. तसं असेल तर दुरुस्ती कॅमेऱ्याची करायची ना.

आणि बाईमाणसाची सुरक्षा वेगळी असते, ती पण ऐकून घ्या. ए विंगमधली एक मुलगी ठाण्याला कॉल सेंटरला आहे, तिची शिफ्ट सुटून ती इथे साडेदहाला उतरते. छोट्या गेटच्या गल्लीत तेव्हा मेडिकल उघडं असतं, डेअरीवाला आवरत असतो, इस्त्रीवाल्याकडे लाईट असतो, सगळे तिला लहानपणापासून ओळखतात. मेन गेटच्या रस्त्यावर रात्री साडेदहाला काय असतं? बंद शटर, उभे टेम्पो आणि दोन खांबांमधला अंधार. तिचे वडील आता रोज रात्री स्टेशनवर जाऊन उभे राहतात, त्यांची स्वतःची सकाळची ड्युटी आहे. या मुलीसाठी तुम्ही सोसायटी जास्त सुरक्षित केली की कमी केली? मला याचं उत्तर लेखी पाहिजे, खरंच पाहिजे.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कमिटीतलं कोणी एक शब्द बोललेलं नाही. पाणी. आपण उल्हास नदीच्या बाजूला राहतो, हे घर घेताना बिल्डरने सांगितलं नव्हतं पण आता आपल्याला चांगलं माहितीय. २७ जुलै २०१९, शनिवार. त्याच दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढायची वेळ आली, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आपण टीव्हीवर बघत नव्हतो कारण आपल्याकडे लाईट नव्हती. मेन गेटच्या रस्त्यावर कमरेच्या वर पाणी होतं, पार्किंगमधल्या गाड्या तरंगत एकमेकींवर आपटत होत्या तो आवाज मला अजून आठवतो. आणि आपण बाहेर कुठून पडलो? छोट्या गेटने. ती बाजू उंचावर आहे, स्टेशनकडे चढ आहे. तळमजल्यावरची सगळी घरं तिथून बाहेर काढली, एक ऑक्सिजनवर असलेले आजोबा खुर्चीत बसवून चौघांनी तिथूनच नेले, सेक्रेटरी साहेब, त्या खुर्चीचा एक पाय तुमच्या हातात होता. २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं, परत तेच गेट. आता तिथे वेल्डिंग आहे. पुढच्या वेळेला पाणी रात्री दोनला आलं तर गॅस कटर कुठून आणायचा?

आगीचं पण तेच. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात दर जानेवारीला आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, घेऊन द्यावा लागतो, त्याचं बिल मी आपल्या ऑडिट रिपोर्टमध्ये दरवर्षी बघते. ज्या एजन्सीकडून आपण तो फॉर्म घेतो त्यांना हे गेट कायमचं बंद केल्याचं सांगितलंत का? नसेल सांगितलं तर आधी सांगा.

२०२० चं सुद्धा आठवून बघा. लॉकडाऊनमध्ये अध्यक्ष काका तुम्ही स्वतः त्या छोट्या गेटवर टेबल टाकून उभे राहायचात, मास्क लावून, डेअरीवाला पलीकडून पिशव्या द्यायचा, भाजीवाली पलीकडून जुड्या द्यायची आणि तुम्ही विंगप्रमाणे वाटायचात. उन्हात उभे असायचात. तेव्हा पलीकडची माणसं आपल्याला लागत होती. मी हे टोचायला लिहित नाहीये, मला तेव्हाचा तुमचा फार आदर वाटला होता आणि आजही वाटतो, म्हणून तर समजत नाही की त्याच गेटला तुमच्याच सहीने पट्टी कशी लागली.

आता निर्णय कसा झाला ते. मी वकील नाही, पण हिशोब आणि कागद वाचायची सवय आहे. सोसायटीच्या रोजच्या वापरातला एक रस्ता कायमचा बंद करायचा तर सभासदांसमोर यायला नको का? मागच्या ए.जी.एम.च्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, अजेंड्यात हे नव्हतं, मी हजर होते, शेवटच्या चहापर्यंत होते. कमिटीच्या मीटिंगमध्ये झालं असेल तर त्याचे मिनिट्स दाखवा, सभासदाला ते बघायचा हक्क आहे, मी दोनदा मागितले, एकदा सांगितलं लिहायचे बाकी आहेत आणि एकदा सांगितलं रजिस्टर खजिनदारांच्या घरी आहे. गेट बंद होऊन पाच आठवडे झाले आणि मिनिट्स लिहायचे बाकी असतील तर मग वेल्डरला कोणत्या ठरावावर पैसे दिले?

कमिटीतल्या बहुतेकांकडे गाडी आहे. त्यात काही चूक नाही, कष्टाने घेतलेल्या आहेत. पण गाडीतून बाहेर पडणाऱ्याला छोट्या गेटचा उपयोगच नसतो, त्याला ते गेट दिसतसुद्धा नाही, त्यामुळे ते बंद झाल्याचं त्याला दुखत नाही. आपल्याकडे २१४ फ्लॅट आहेत आणि पार्किंग ८८. बाकीची घरं चालतात. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांच्याही घरातली बायका, मुलं, म्हातारी माणसं चालतात. चालणाऱ्यांना एकदा तरी विचारायला हवं होतं.

खर्चाचं म्हणाल तर तेही मी बसून केलं. खजिनदारांनी लिफ्टजवळ मला सांगितलं की छोट्या गेटला वॉचमन ठेवायचा तर दोन शिफ्टचे मिळून महिन्याला ३६ हजार लागतील, सोसायटीला परवडणार नाही. ३६ हजार भागिले २१४. घरटी १६८ रुपये येतात. आत्ता मी पावसाच्या दिवशी आणि गुडघा दुखतो त्या दिवशी मेन गेटवरून शेअर रिक्षाने स्टेशनला जाते, एका वेळचे २० रुपये, नऊ फेऱ्यांत १८० होतात. म्हणजे दहा दिवसांच्या आत माझे वॉचमनपेक्षा जास्त पैसे गेले. मी एकटीच नाही, संध्याकाळी त्या रिक्षांच्या लाईनीत निम्मे चेहरे आपल्याच सोसायटीचे असतात. आणि दोन शिफ्ट पूर्ण नकोच असतील तर सकाळी ५ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ११ ठेवा, मधल्या वेळात कार्डाने उघडणारं लॉक बसवा, शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांत बसवलेलं आहे, जाऊन बघून या. मार्ग खूप आहेत. कुठलाच शोधला नाही याचं दुःख आहे.

तर आमची मागणी अशी आहे, आणि आमची म्हणजे माझ्या एकटीची नाही हे खाली येईलच.

एक, ती पट्टी या रविवारपर्यंत काढा. पावसाळा तोंडावर आहे, बाकी चर्चा नंतर होत राहील पण वेल्डिंग आधी निघालं पाहिजे. कुलूप ठेवा हवं तर, पण चावी वॉचमनच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक विंगमध्ये एकाकडे असू दे, म्हणजे पाणी आलं किंवा आग लागली तर कुणाला शोधत बसायला नको.

दोन, पहाटे ५ ते रात्री ११ हे जुनं टायमिंग परत सुरू करा. तिथे माणूस ठेवायचा की कार्डाचं लॉक बसवायचं हे सभासदांसमोर ठेवा, खर्चाचे दोन-तीन कोटेशन मागवा, मी स्वतः तुलना करून तक्ता बनवून देते, फुकट, ऑफिसमधून आल्यावर बसून.

तीन, घरकामाला येणाऱ्या मावश्या, दूधवाला, पेपरवाला यांना ओळखपत्र द्या आणि छोट्या गेटने येऊ द्या. रोज पिशवी तपासायची पद्धत बंद करा. पंधरा-पंधरा वर्षं आपल्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बायका आहेत त्या. माझ्या मुलाला लहानपणी ताप आला तेव्हा आमच्या मावशींना त्याला मांडीवर घेऊन बसलेलं मी पाहिलंय, त्यांची पिशवी उघडून दाखवायला लावता तेव्हा मला मान वर करून त्यांच्याकडे बघवत नाही.

चौथं, ज्या मीटिंगमध्ये हा निर्णय झाला तिचे मिनिट्स आणि वेल्डिंगचं बिल नोटीस बोर्डावर लावा. आणि कॅमेरे चालू आहेत की नाही तेही लिहून लावा, ते चालू नसतील तर त्याचा खर्च काढा, मी पहिली हो म्हणेन.

आणि स्पेशल जनरल बॉडी मीटिंग बोलवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर ती एक महिन्याच्या आत बोलवावी लागते. २१४ चा पाचवा हिस्सा म्हणजे ४३. आमच्याकडे आज सकाळपर्यंत ६१ सह्या आहेत. मी फक्त बी आणि डी विंग फिरले होते, ए विंगला त्या कॉल सेंटरवाल्या मुलीचे वडील फिरले, सी विंगला तर मला जायलाच लागलं नाही, ज्या मुलाची सायकल गेली त्याची आई स्वतः कागद घेऊन गेली घरोघर. त्या मला म्हणाल्या, माझ्या मुलाच्या सायकलीचं नाव करून लोकांची वाट बंद केली, मला लिफ्टमध्ये लाज वाटते.

सह्यांमध्ये गाड्या असलेली १९ घरं आहेत हेही सांगून ठेवते.

आम्हाला कमिटी पाडायची नाही. कमिटीत काम करणं किती त्रासाचं असतं ते माहितीय, पगार नाही, रात्री-अपरात्री फोन, टँकरवाल्याशी भांडणं, आणि वर आमच्यासारख्यांची पत्रं. पण घर घेताना मी बेडरूम छोटी असूनही हाच फ्लॅट घेतला कारण स्टेशन नऊ मिनिटांवर होतं, तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता आणि संध्याकाळी त्याच्यापर्यंत नऊ मिनिटांत पोचता यायचं. माझ्यासारखी किती घरं असतील ज्यांनी तेच गणित करून इथे कर्ज काढलं. ती नऊ मिनिटं आम्ही विकत घेतलेली आहेत, अजून हप्ते चालू आहेत काहींचे.

सह्यांचा कागद मूळ प्रतीसह शनिवारी संध्याकाळी सात वाजता ऑफिसात आणून देणार आहोत. सासूबाईंना पण यायचंय, त्यांना ऑफिसच्या दोन पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बाहेर एक खुर्ची ठेवा आणि तुमच्यापैकी कुणीतरी बाहेर येऊन त्यांच्याशी बोला. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, म्हणतात कमिटीलाच सांगणार.

तुमची,
बी विंगमधली एक सभासद
बदलापूर पश्चिम